कादंबांची वाट

तलावावरचा कॅम्प, कुही रोड
१४ जुलै

ती. आईंस,
शि. सा. नमस्कार.

फोन करू नकोस म्हणालात, म्हणून फोन करत नाही. पत्राचं तुम्ही काही बोलला नव्हतात.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. उजव्या डोळ्यानं धुरकट दिसतं असं तुम्ही त्या दिवशी कोर्टाच्या आवारात म्हणाला होतात. डॉक्टरांना दाखवलं का? हे मी विचारलेलं चालत नसेल तर राहू द्या.

पाकिटावर नाव लिहिताना थांबले होते. इतकी वर्षं घरात राहून तुमचं नाव लिहायची वेळ कधी आली नव्हती. 'रुखमाबाई' लिहिलं तेव्हा दुसऱ्याच कुणाला लिहिते आहे असं वाटलं.

नागपुरात सदरच्या जनावरांच्या दवाखान्यातलं काम मी उन्हाळ्यात सोडलं. आता जिथं आहे ती जागा तुमच्या घरापासून एसटीनं अर्ध्या तासावर आहे. घाबरू नका, मी येणार नाही.

थंडीत आपल्याकडे लाखोळी डाळीच्या वावरात राखाडी हंस उतरतात ना, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, त्यांना पट्टकादंब म्हणतात. उन्हाळा लागला की ते हिमालय ओलांडून पलीकडे जातात, तिथं पिल्लं काढतात आणि थंडीत पिल्लांना घेऊन परत येतात. अलीकडे आपल्या तलावांवर फार थोडे येतात. एका व्यापाऱ्याकडून सोडवलेले काही कादंब इथल्या संस्थेकडे आहेत. त्यांचे पंख त्यानं असे छाटलेत की ते पुन्हा उडणार नाहीत. पण त्यांनी अंडी घातली. आता प्रश्न असा की पिल्लांना उडायला शिकवावं लागत नाही, मात्र जायचं कुठं हे मोठ्यांनी पुढं उडून दाखवावं लागतं. यांचे आईबाप तर जमिनीवरच.

म्हणून वाट माणसं दाखवणार. दोन सीटांचं छोटं विमान असतं, वर कापडी पंख, मागं पंखा. पुढं विक्की बसणार, तो चालवतो. मागं त्यांची आई बसणार आणि हाका मारणार. मार्चमध्ये असं उडत उडत हिमाचलातल्या पोंगच्या जलाशयापर्यंत न्यायचं. तिथं हजारो जंगली कादंब जमलेले असतात. पुढची वाट ते दाखवतील.

आई मी आहे. हसू नका.

अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिल्यांदा हलताना दिसतं, बोलताना ऐकू येतं, तेच त्यांचं माणूस. म्हणून अंडी फुटायच्या आधीपासून त्यांच्याशी बोलत राहायचं होतं. इथं मयुरा म्हणून मुलगी आहे, तिनं पक्ष्यांवरच शिक्षण घेतलंय. ती म्हणाली, "ताई, एकच हाक ठरवा आणि तीच ठेवा." मी फार विचार केला नाही. तुम्ही संध्याकाळी कोंबड्या खुराड्याकडे वळवताना म्हणायच्या तेच तोंडात आलं. चाला गा, चाला.

नऊ पिल्लं आहेत. मी जांभळं जाकीट घालते आणि तलावाच्या काठानं चालते, तर ती माझ्यामागं ओळीनं येतात. मी खाली बसले की मांडीवर चढतात. एक जरा जाड आहे, सगळ्यांत शेवटी येतो, मध्येच गवतात बसतो. विक्कीनं त्याचं नाव धोंडबा ठेवलं.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. हर्षितनं नागपुरात बेसाला फ्लॅट घेतल्याचं कळलं. नवी सून कशी आहे हे विचारायचा मला हक्क नाही, म्हणून विचारत नाही.

तुमची
जया


३ ऑक्टोबर

ती. आईंस,

उत्तराची अपेक्षा नव्हतीच.

पिल्लं आता पिल्लं राहिली नाहीत. ऑगस्टमध्ये विमान जमिनीवरच धावायचं आणि ती मागं पंख फडफडवत पळायची. एक दिवस विमान उचललं गेलं. मी मागं वळून हाक मारली आणि पाहिलं तर ती खाली नव्हती. माझ्या डाव्या हाताशी होती, पंखाच्या कडेला ओळ धरून. हात लांब केला असता तर एकीच्या पाठीला लागला असता.

विक्की ओरडला, "दीदी, आले का सगळे?"

मला मोजता येईना. डोळ्यांत वाऱ्यामुळे पाणी होतं. वाऱ्यामुळेच होतं, तिथं चष्मा लावावा लागतो हे मला माहीत नव्हतं.

मग रोज सकाळी उडणं सुरू झालं. एक गेली, विजेच्या तारेला लागून. तिच्याबद्दल लिहिवत नाही. आता आठ आहेत.

आज तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे. सरावाची नवी वाट आखली ती पूर्वेकडे जाते, कुहीवरून. मी विक्कीला सांगितलं नाही की खाली माझं कोण आहे. धानाची वावरं हिरवीगार होती. शाळेचं छप्पर दिसलं, मग आपली निळी टाकी, मग आपलं अंगण. आपलं म्हटलं, खोडत नाही.

तुम्ही अंगणात होतात. खाटेवर काहीतरी वाळत घालत होतात. आवाज ऐकून वर पाहिलंत आणि डोळ्यांवर हात धरलात.

माझ्या हातात कर्णा होता. मला 'आई' म्हणता आलं असतं, सगळ्या गावानं ऐकलं असतं. पण त्या कर्ण्यातून जे निघतं ते त्या आठांसाठी असतं, दुसरं काही ऐकलं तर ते बिथरतात. धोंडबा मागं पडत होता. मी म्हटलं, चाला गा, चाला.

तुम्ही हात खाली घेतलात. आवाज ओळखलात की उन्हानं डोळे दिपले, हे मला वरून कळलं नाही. विमान पुढं गेलं.

विक्कीनं खाली उतरल्यावर विचारलं, "दीदी, आज आवाज काहून बसला तुमचा?"

मी म्हटलं, थंडी आहे वर.

तुमची
जया


१९ जानेवारी

ती. आईंस,

काल हर्षित इथं आला होता. तुम्हाला सांगून आला की न सांगता, माहीत नाही. न सांगता आला असेल तर हे पत्र वाचून त्याला काही बोलू नका.

तो जाळीच्या बाहेर उभा राहिला. मी आत होते, कादंब भोवती होते. त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही असा इथला नियम आहे, त्यामुळे आम्ही दोघं हळू बोललो. लग्नाच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही इतकं हळू कधी बोललो नव्हतो.

तो म्हणाला, "आईले पत्र लिहून राहिली म्हणे तू."

"हो."

"काहून?"

"त्यांनी मना केलं का?"

"मी मना करून राहिलो. रितिका आता कुहीच्याच घरात आहे. तिले काय वाटत असंन, विचार कर ना."

"तिले आवडत नाही का?"

तो म्हणाला, "ती काही म्हणत नाही."

मग मी ते विचारलं जे मला सहा महिने विचारायचं होतं. "आई वाचतात का?"

"दिसते कुठं तिले आता. मोतीबिंदू पिकला. वाचून घेते."

"कोणाकडून?"

तो पक्ष्यांकडे पाहत राहिला. मला वाटतं शेजारच्या शोभाताई वाचून दाखवत असतील. शोभाताई, नमस्कार. तुम्हाला माझं अक्षर लागत असेल अशी आशा आहे.

मग तो म्हणाला, "मुलगी झाली. डिसेंबरात."

मी म्हटलं, "छान झालं." नाव विचारलं. त्यानं सांगितलं. गोड नाव आहे.

जाताना त्यानं विचारलं, "हे खरंच जातीन का इतक्या दूर?"

"माहीत नाही."

"अन् गेले त वापस येतीन?"

"ते तर अजिबातच माहीत नाही."

"मग कशाले करून राहिले तुम्ही एवढं?" हे त्यानं टोमण्यानं विचारलं नाही, आई. त्याला खरंच कळत नव्हतं. मला नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, इथं ठेवून घेतले तर जगतील, पण तलावापलीकडे काही आहे हे त्यांना कधी कळणारच नाही.

तो "बरं" म्हणाला आणि गाडीकडे गेला. पत्रं बंद कर असं पुन्हा म्हणाला नाही, म्हणून लिहिते आहे.

मला काही वाटलं नाही. त्या दिवशी पक्ष्यांना दोनदा दाणा घातला, इतकंच. मयुरा म्हणाली, ताई, आत्ताच तर घातला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका. पिकल्यावर फार थांबू नये.

तुमची
जया


नर्मदेकाठी
६ मार्च

ती. आईंस,

निघालो. नागपूर सोडून आठवडा झाला. सकाळी वारा पडलेला असताना उडायचं, ऊन तापायच्या आत उतरायचं. मयुरा गाडी घेऊन खालून येते. जिथं उतरतो तिथली माणसं जमतात. परवा एका म्हाताऱ्या बाईनं आम्हा सगळ्यांना, पक्ष्यांसकट, गव्हाच्या ओंब्या भाजून दिल्या. तिनं आधी पक्ष्यांना दिल्या.

काल धोंडबा हरवला.

सातपुड्याच्या डोंगरावरून येत होतो. खाली सगळं सागाचं रान, उतरायला जागा नाही. हवा वर-खाली ढकलत होती. मी मागं पाहिलं तर सात. पुन्हा पाहिलं, सात. मी विक्कीच्या खांद्यावर मारलं. "थांब, धोंडबा नाही."

"दीदी, हवेत कुठं थांबू?"

"वळ."

"वळलो त पेट्रोल पुरणार नाही. सात जणांले घेऊन जंगलात उतरू काय?"

त्याचं खरं होतं. मी सातांना हाका मारत राहिले. आई, सातांना हाक मारताना आठव्याचं नाव गिळून टाकावं लागतं. नाही तर आवाज बदलतो आणि त्यांना कळतं.

नदीकाठी उतरलो. सात जण पाण्यात गेले. मी जाकीट न काढता गाडीत बसले आणि मयुराला म्हटलं, चल. ती म्हणाली, ताई, एवढ्या जंगलात कुठं शोधणार? मी म्हटलं, गाडी काढ.

घाटातल्या रस्त्यानं काच खाली करून मी कर्ण्यातून हाका मारत गेले. ट्रकवाले थांबून बघायचे. एका ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, "बच्चा गुम गया क्या?" मी हो म्हटलं. खोटं वाटलंच नाही.

दुपार कलल्यावर एका बंधाऱ्याजवळ हाकेला उत्तर आलं. म्हशी बसल्या होत्या पाण्यात आणि त्यांच्यामध्ये हा. जणू तिथंच जन्मला. मला पाहून ओरडत ओरडत चालत आला. उडाला नाही, चालत आला. पायाला जरा खरचटलं होतं. मी त्याला मांडीवर घेतलं तसा तो जाकिटाच्या चेनीला चोच मारत बसला.

मयुरा गाडी चालवताना रडत होती. मी रडले नाही. मी त्याला फार बोलले, तुमच्यासारखी. उशिरा आल्यावर तुम्ही मला दारातच बोलायच्या आणि बोलता बोलता ताट वाढायच्या, तसंच.

आज वारा आहे, उडायचं नाही. म्हणून एवढं लिहिता आलं.

तुमची
जया


पोंग जलाशय, हिमाचल प्रदेश
२ एप्रिल

ती. आईंस,

पोचलो, आणि झालंही.

इथलं पाणी संपता संपत नाही. मागं बर्फाचे डोंगर. मी बर्फ पहिल्यांदा पाहिला, तोही लांबूनच. काठावर कादंबच कादंब. आमचे आठ आधी बुजले. आपल्यासारखे इतके असतात हे त्यांना कुठं माहीत होतं? माझ्या पायांत येऊन उभे राहिले.

काही दिवस मी त्यांच्याबरोबर काठावर बसले. हळूहळू ते जंगली थव्याजवळ चरायला जाऊ लागले. संध्याकाळी मात्र माझ्याकडे. मग ठरल्याप्रमाणे मला नाहीसं व्हायचं होतं. मी दिसत राहिले तर ते थव्याबरोबर जाणार नाहीत. इकडे ऊन वाढलं की थवे निघून जातात आणि मागं राहिलेल्याला ती वाट एकट्यानं सापडत नाही.

विमान सुटं करून ट्रकमध्ये चढवलं. जांभळं जाकीट मी मयुराला दिलं, तिनं ते पिशवीत घालून गाठ मारली. मी ट्रकच्या केबिनमध्ये, सीटखाली पाय मुडपून बसले. काचांना कागद लावले होते.

संध्याकाळी ते आले. मला ऐकू येत होतं. आधी काठावर शोधलं, मग वरून घिरट्या घातल्या, मग ट्रकच्या टपावर कुणीतरी उतरलं. तो जड आवाज एकाचाच. पत्र्यावर पायांचा आवाज, इकडून तिकडे. मध्ये थांबायचा आणि हाक द्यायचा, उत्तराची जागा सोडून. लहानपणापासून त्यानं हाक दिली आणि मी उत्तर दिलं नाही असं कधीच झालं नव्हतं.

मी शाल तोंडात धरली होती.

विक्की बाहेरून हळूच म्हणाला, "दीदी, नका बोलू. बस थोडंच राहिलं."

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी ते संध्याकाळी आले नाहीत.

काल सकाळी मोठा थवा उठला. मयुरा दुर्बिणीतून पाहत होती आणि मी आत बसून तिचं ऐकत होते. "उठले ताई. वर चालले. आपल्यांच्या गळ्यातल्या पिवळ्या कड्या दिसतात... तीन... पाच... सात." मी आतून काचेवर मारलं. ती म्हणाली, "आठ. शेवटी एक आहे, मागं. पण आहे."

उत्तरेकडे गेले.

मी बाहेर आले तेव्हा आकाश रिकामं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी म्हटलं, चहा घेऊ.

आई, तुम्हाला एक विचारायचं होतं. मी बॅग घेऊन निघाले त्या दिवशी तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आला नाहीत. दार लोटलेलं होतं. मी तेव्हा वाईट वाटून घेतलं होतं. परवा सीटखाली बसले असताना ते दार आठवलं. तुम्ही त्याच्यामागं कशा बसला होतात?

उत्तर नको. आता विचारायची गरजही राहिली नाही.

थंडीत ते परत आले तर कळेल. नाही आले तर काहीच कळणार नाही, जगले की नाही हेही.

तुमची
जया


तलावावरचा कॅम्प
२४ नोव्हेंबर

ती. आईंस आणि रितिकास,

काल तुम्ही इथं होतात, तरी लिहिते आहे. कारण आई, तुम्हाला काल काही दिसलं नाही. मी "ते पाहा" म्हणून पाण्याकडे बोट केलं आणि तुम्ही बाभळीकडे पाहून "दिसले, दिसले" म्हणालात. माझा मान ठेवलात. म्हणून जे होतं ते नीट सांगते.

मी बंधाऱ्यावर होते. स्कूटीचा आवाज आला. चालवणारी बाई ओळखीची नव्हती. मागं तुम्ही, दोघींच्या मध्ये बाळ. तुम्ही उतरून काठी टेकत आलात आणि म्हणालात, "दिवाळी झाली, थंडी पडली. म्हटलं पाह्यून येऊ आले का तिचे पाखरं." जसं काही गेल्या आठवड्यात आपण भेटलो होतो.

मी पाया पडले. इतकी पत्रं लिहिली आणि तोंडून शब्द निघाला नाही.

तेवढ्यात रितिका पुढं आली. रितिका, तू तुझं नाव सांगितलं नाहीस, नमस्कारही केला नाहीस. सरळ विचारलंस, "धोंडबा कोणता?"

तेव्हा मला कळलं पत्रं कोण वाचत होतं.

मी शोभाताईंना नमस्कार लिहिला होता, तो वाचताना तुझी काय अवस्था झाली असेल! तू म्हणालीस, "मी आईंले म्हटलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, पुढं वाच." आणि आई, तुम्ही म्हणालात, "पोरीनं नर्मदेचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं नव्हतं."

आता पाण्यावरचं. पाच आले आहेत. जंगली थव्यात, पिवळ्या कड्या घातलेले. चारच दिवस झाले येऊन. पाण्याच्या पलीकडच्या अंगाला, बाभळीपासून बरेच डावीकडे होते. मान पाण्यात घालून चरत होते, मधूनच वर पाहत होते. त्यांच्यातल्या एकीबरोबर कडी नसलेला जोडीदार आहे. मी त्यांना हाक मारलेली नाही. जाकीटही घातलेलं नाही. परवा एकदा ते माझ्या जवळून पोहत गेले, तेव्हा एकानं मान वळवून जरा वेळ पाहिलं. मग गेला आपल्या वाटेनं. हिमालय दोनदा ओलांडून आलेत, आई. पाठीवरचा रंगही बदलला आहे. ते आता कुणाचे नाहीत आणि ते पाहून मला किती बरं वाटतं हे मला कुणाला समजावता येत नाही. आणि किती वाईट वाटतं तेही.

धोंडबा त्यांच्यात नाही. रितिका, काल मी तुला "तो नाही आला" म्हटलं तेव्हा तू तोंड फिरवलंस, ते मी पाहिलं. मीही पहिले दोन दिवस प्रत्येक कडी पाहून झाल्यावर असंच तोंड फिरवत होते. डोंगरापलीकडे राहिला असेल. दुसऱ्या तलावावर उतरला असेल. नसेलही. आई म्हणाल्या, "मांगून येईन. त्याले उशीरच होते." मी त्यावर हसले, पण आज सकाळी पुन्हा काठावर जाऊन पाहिलं. उद्याही पाहीन.

आणि एक, जे आईंना दिसलं नसेल. आई, तुम्ही बाळाला कडेवर घेऊन उभ्या होतात आणि मध्येच म्हणालात, "धर वं जया, माह्ये हात भरून आले," आणि माझ्याकडे दिलं, स्वयंपाकघरात पातेलं द्यायच्या तसं. मी रितिकाकडे पाहिलं. रितिका पाण्याकडे पाहत होती. मुद्दाम पाहत होती, मला कळत होतं.

बाळ रडलं नाही. जड आहे. तिनं माझं नाक धरलं.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरवा. रितिकाला बाळ सोडून दवाखान्यात बसता येणार नाही आणि हर्षित रक्त पाहून आडवा होतो हे आपल्या तिघींनाही माहीत आहे. मी बसेन. पट्टी सोडायच्या दिवशीही मीच येईन. थवे मार्चपर्यंत इथंच असतात, तोवर तुमचा डोळा मोकळा होईल. मग तुम्हाला बंधाऱ्यावर नेऊन बसवेन आणि कुठं पाहायचं ते सांगणार नाही.

रितिका, वरचा परिच्छेद पुन्हा मोठ्यानं वाच. ऑपरेशनचं नाव काढलं की आईंना ऐकू येईनासं होतं.

जया